बिनटचिंगचा फोटो

“बाबा, आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त टचिंग कुणाला लागतं?”

प्रश्न तसा धाकटीचा नव्हताच. तो वेणी आणि चष्मा या दोघींनी सकाळी वर्ग भरायच्या आधी डोक्याला डोकं लावून शिजवला होता आणि ‘छाती नसेल तर राहू दे बाई, आम्ही कुणाला सांगणार नाही’ असं म्हणून तिच्या गळ्यात मारला होता. वेणी म्हणजे जिची वेणी मागच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत जाऊन पडते ती, आणि चष्मा म्हणजे चष्मा. शाळेत दरवर्षी ओळखपत्राचे फोटो काढायला धाकटीचे बाबाच यायचे. खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून भिंतीला निळा पडदा लावायचे, पुढे एक गोल स्टूल, दोन्ही अंगांना छत्र्यांचे दिवे. आणि एकेक मुलगी स्टुलावर बसली की ‘हनुवटी खाली, खांदे सैल, आता गणिताचा पेपर रद्द झालाय असं समज’ म्हणत तिला हसवून खटका दाबायचे. त्यांचे फोटो साऱ्या शाळेला आवडायचे, कारण चार दिवसांनी ते हातात पडायचे तेव्हा मुरमं गेलेली असायची, विस्कटलेले केस बसलेले असायचे आणि दमलेले डोळे झोप काढून आल्यासारखे दिसायचे. याला बाबा टचिंग म्हणत. धाकटी स्टुलावर बसली, मागे पंचवीस-तीस मुलींची रांग, आणि तिने तो प्रश्न असा खणखणीत टाकला की रांग फुटली. बाईसुद्धा तोंडावर हजेरीपट धरून हसल्या. सहा महिन्यांपूर्वी हीच मुलगी ‘हजर’ म्हणायची ते घशातल्या घशात. आता ती वक्तृत्वात पहिली येत होती, बाकावर उभी राहून शिक्षकांच्या नकला करत होती, आणि आपल्याला एवढा आवाज आहे याचं तिचं तिलाच रोज नव्याने कौतुक वाटत होतं. बाबाही हसले. हसता हसता त्यांनी कॅमेऱ्यावरून मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा डोळा सरळ तिच्या डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर गेला. तिथे थांबला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग खटका दाबून ते म्हणाले, “कुणालाच नाही लागत. पुढची कोण?”

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. येण्यासारखं नव्हतंच. पण धाकटी फोटोवाल्याची मुलगी होती आणि बाबांच्या डोळ्याचं वळण तिला पाठ होतं. न्हाव्याचा डोळा जसा आधी केसांवर जातो आणि चांभाराचा पायांवर, तसा बाबांचा डोळा गिऱ्हाईक दुकानात शिरल्याशिरल्या जिथे काम निघणार तिथे जायचा. एखाद्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक, एखादीचा कान बाहेर आलेला. ते मुद्दाम करत नसत. चांगले होते ते, कुणाला हसत नसत, उलट तिथेच मनात ठरवून टाकत की याला आपण किती छान करून देणार आहोत. म्हणजे बाबांनाही तो कोपरा दिसतो, धाकटीच्या मनात आलं. स्टुलावरून उतरताना दिव्याच्या तारेत तिचा पाय अडकला आणि मैत्रिणी पुन्हा हसल्या, तीही हसली, हात वर करून पैज जिंकल्याची खूण केली, आणि दुसऱ्या हाताचं बोट आपसूक कानाखाली जाऊन हाड चाचपू लागलं. डावं. मग उजवं. मग पुन्हा डावं. आहे. आत काहीतरी जास्तीचं आहे. गेले काही दिवस तिला वाटत होतं की हे आपल्या मनाचे खेळ असतील, न्हाणीघरातल्या आरशाचा दोष असेल, चमच्याच्या पाठीवर सगळ्यांचंच तोंड वाकडं दिसतं. आता मनाचे खेळ म्हणायची सोय राहिली नाही.

पैजेचं बक्षीस म्हणजे वेणीच्या डब्यातला केकचा तुकडा. तो मधल्या सुट्टीत समारंभपूर्वक धाकटीच्या तळहातावर ठेवण्यात आला. तिने तो ठेवूनच घेतला. चष्मा म्हणाली, खा की, का त्याचाही फोटो काढणारेस. धाकटीने त्यावर काहीतरी असं उत्तर दिलं की दोघी पोट धरून हसल्या. काय दिलं ते तिला पुढच्या मिनिटाला आठवेना. ती बोलत राहिली, हातवारे करत राहिली, आणि तळहातावर तो तुकडा मऊ होत गेला, कडा ओल्या झाल्या, वास वर येऊ लागला. गेले तीन आठवडे तिचा डबा असाच गप्पांच्या भरात संपत होता. ‘अगं घ्या, माझ्या आईला माप कळत नाही’ म्हणत ती झाकण उघडायची आणि मैत्रिणी फन्ना उडवायच्या. तिच्यासारखी दिलदार कोणी नाही म्हणायच्या. आणि पोट रिकामं असलं की डोक्यात असं काही लख्ख ऊन पडायचं, पाय असे हलके व्हायचे, की तिला वाटायचं आपला आवाज इथूनच येतो. हे ऊन दुपारी तीननंतर ओसरायचं, हात गार पडायचे, शेवटच्या तासाला अक्षरं एकमेकांवर चढायची. ते ती कुणाला सांगत नसे. हे ऊन तिच्या ओळखीचं होतं. ताईच्या तोंडावर ते तिने दोन वर्षं रोज पाहिलं होतं. केकचा तुकडा शेवटी तिने पहिलीतल्या एका पोरीला देऊन टाकला आणि हात धुताना नळाच्या चकचकीत मानेत आपलं तोंड पाहिलं. नळाच्या मानेत. ताई अशीच पाहायची, बसच्या खिडकीत, कात्रीच्या पात्यात, बंद टीव्हीच्या काळ्या काचेत. धाकटीने नळ घाईने बंद केला, जणू आतून कोणी बघत होतं.

ताईचं सुरू कुठून झालं हे घरात कुणी कधी मोठ्याने म्हटलं नाही, पण धाकटीला ती जागा वीतभर लांबी-रुंदीसकट ठाऊक होती. दुकानाच्या काउंटरची काच. ताई चौदाची असताना बाबांनी टचिंगचं नवं मशीन घेतलं होतं आणि गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुना हवा होता, शेजारी शेजारी दोन फोटो, एकाखाली ‘आधी’ आणि दुसऱ्याखाली ‘नंतर’. परक्या मुलीचा चेहरा असा चारचौघांत काचेखाली कसा ठेवायचा, तिच्या घरचे काय म्हणतील, असा विचार बाबांनी केला. मोठा भला विचार. मग आपली ती आपली म्हणून त्यांनी ताईला बसवलं. ताई काय, उडतच बसली. एका वेणीसाठी दहादा आरशात गेली. फोटो झाला, आणि बाबांनी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून हौसेने तो ‘नंतर’ केला. मुरूम एकही नव्हता, मग फरक कसा दिसणार? म्हणून डाव्या जबड्याचा कोपरा जरासा आत घेतला. एवढासा. नखाच्या कडेइतका. फोटो काचेखाली गेले आणि लोक वाकून वाकून पाहू लागले. ताई शाळेतून आली की काउंटरला बसायची, पावत्या फाडायची, आणि येणारं जाणारं गंमत करायचं: काय गं, तू यातली कुठली, आधीची का नंतरची? ताई हसायची. धाकटी तेव्हा दहा वर्षांची, काउंटरच्या खाली बसून फोटोंचे कापलेले काठ गोळा करायची, तिला वरून ते हसू ऐकू यायचं. मोठ्या माणसांना खूश करायला हसतात तसं ते हसू होतं. महिनाभराने ताई काउंटरला बसली की त्या दोन फोटोंवर पावतीपुस्तक ठेवायला लागली. बाबा येऊन ते उचलायचे, अगं नमुना झाकला जातो.

त्या दोघींची खोली म्हणजे दोन पलंग, मधे एक टेबल, आणि टेबलाच्या खणात एक पारदर्शक पट्टी, ती भूमितीसाठी नव्हती. ताई ती गालाला लावायची. कानापासून हनुवटीपर्यंत, इकडून, मग तिकडून. मग धाकटीला समोर बसवायची आणि म्हणायची, “टिकले, नीट बघ, सरळ आहे?” धाकटी बघायची आणि सरळ आहे म्हणायची. मग खिडकीजवळ नेऊन, मग दिवा लावून, मग दिवा मागे ठेवून. सरळ आहे, सरळ आहे, सरळ आहे. अभ्यासाच्या मधे, झोपेच्या मधे, धाकटीच्या बाहुलीला ताप आलेला असायचा त्याच्या मधे. असं वर्षभर चाललं, आणि एके दिवशी धाकटी वैतागली. अकरा वर्षांच्या मुलीने वैतागावं तेवढीच वैतागली, जास्त नाही. ती म्हणाली, “हो बाई, आहे वाकडा. झालं समाधान?” आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. तिला वाटलं ताई चिडेल, उशी फेकून मारेल. ताईने पट्टी अलगद खणात ठेवली. तिचा चेहरा कधी नव्हे तो शांत झाला होता. ती धाकटीच्या पलंगावर येऊन बसली, तिच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, “एवढ्या सगळ्यांत तू एकटीच खरं बोललीस.” त्या हाताचा भार धाकटीला आजही टाळूवर जाणवतो, केस विंचरताना, टोपी घालताना, वाऱ्यानेसुद्धा. ती उठून म्हणू शकली असती की मी खोटं बोलले, मी चिडून बोलले, आण ती पट्टी, पुन्हा बघते. पण केसांतून हात फिरवून घ्यायला बरं वाटत होतं, आणि ताई बऱ्याच दिवसांनी अशी जवळ बसली होती.

त्यानंतर ताईचं जेवण कमी झालं. घरात जी लढाई पेटली ती ताटावरून पेटली आणि शेवटपर्यंत ताटावरच राहिली. आईने रागावून पाहिलं, रडून पाहिलं, स्वतः न जेवून पाहिलं. मामी येऊन सांगून गेली की हल्लीच्या मुलींना काड्या व्हायचं वेड लागलंय. शेजारच्या काकूंनी तर ताईसमोरच, अगं हाडांवर मांस असलं तरच मुलगी मुलगी दिसते, असं ऐकवलं. सगळे ताईला म्हणायचे, तुला बारीकच व्हायचंय ना, आणि ताई म्हणायची, नाही. ते खोटं वाटायचं. ते खरं होतं. तिला बारीक व्हायचं नव्हतंच. तिला फक्त गाल उतरायला हवे होते, म्हणजे खाली हाड आहे ते कळेल, कळलं की ते सरळ आहे का वाकडं याचा एकदाचा निकाल लागेल. हे तिने फक्त धाकटीला सांगितलं, पांघरुणाच्या आत, आणि सांगून झाल्यावर शपथ घातली. ‘आईशप्पथ म्हण, कुणाला सांगणार नाहीस.’ धाकटी आईशप्पथ म्हणाली. पुढे ताई हॉस्पिटलात गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई, जाड भिंगांच्या, हळू बोलणाऱ्या, एकदा पॅसेजमधे धाकटीच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. ताई तुझ्याशी काही बोलते का गं, त्यांनी विचारलं, जेवणाबद्दल, किंवा दुसरं काहीही? धाकटी बारा वर्षांची होती. समोर काचेच्या दारापलीकडे आई औषधांच्या खिडकीशी रांगेत उभी होती, पाठमोरी, तिची चप्पल एका बाजूने झिजलेली. शपथ मोडली की जिची घेतली ती मरते हे धाकटीला पक्कं माहीत होतं. तिने त्या झिजलेल्या चपलेकडे पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, “नाही.” आईला वाचवल्याचा तिला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

मग ताई जेवू लागली. तिला स्वतःला जाड वाटतं का असं तिथे विचारायचे, ती खरं तेच सांगायची, नाही वाटत, आणि ते लिहून घ्यायचे. गाल भरले. बरी झाली म्हणून तिला घरी सोडलं, बाबांनी दुकान बंद ठेवून तिला आणलं, आईने ताटापुढे बसून तिचा एकेक घास मनात मोजला. सगळे तिच्या भरलेल्या गालांकडे बघून म्हणायचे, आता कशी छान दिसतेस, आणि त्या प्रत्येक ‘छान’बरोबर ताई खोलीत जाऊन पट्टी काढायची, कारण गाल भरले होते आणि हाड पुन्हा बुडालं होतं. आजार गेला असं समजून घरातले दमून झोपल्यासारखे झाले होते. तो जेवणातून निघून आरशात जाऊन बसला होता, आणि तिथूनच तर तो आला होता. दुसऱ्या खेपेला तो गुपचूप आला आणि थोडेच दिवस राहिला. एका साध्या वारी, दुपारी, घरात भांडी घासल्याचा आवाज चालू असताना ताईचं हृदय थांबलं. ती बेसिनपाशी होती. बेसिनच्या वर काय असतं हे कुणी उच्चारलं नाही. बाबांनी नंतर तिथला आरसा काढला आणि चार भोकं बुजवली, अजून तिथला रंग वेगळा दिसतो.

हॉलमधे जो ताईचा मोठा फोटो आहे तो ‘नंतर’. त्या जोडीतला तोच उरला होता. ‘आधी’चा कागद काउंटरच्या काचेला ओल येऊन चिकटला होता, ताई पहिल्यांदा हॉस्पिटलात गेली तेव्हा बाबांनी तो सोडवायला घेतला आणि चेहरा तुकड्या-तुकड्यांनी काचेवरच राहिला. मूळ फोटोवरच टचिंग करून तो तसाच साठवायची बाबांची सवय, त्यामुळे मशीनमधेही काही नाही. घरातले सगळेच फोटो त्यांच्या हाताखालून गेलेले, सहलीचे, शाळेचे, आत्याच्या घरचे. फोटोवाल्याच्या घरात ताईचा एकही बिनटचिंगचा फोटो नाही. आणि धाकटीला अलीकडे एक भयंकर गोष्ट कळली होती, ती म्हणजे तिला ताई आठवली की हॉलमधली आठवते. मऊ, सरळ, कधीच नसलेली. पट्टी लावून बसलेली, उशी फेकणारी, ‘टिकले’ म्हणणारी ताई आठवायला जावं तर चेहऱ्याच्या जागी तो फोटो येऊन बसतो. दोन वर्षांत तिने ताईला दुसऱ्यांदा घालवलं होतं. कदाचित म्हणूनच तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी न्हाणीघरात दात घासताना आपल्या डाव्या जबड्याकडे तिचं लक्ष गेलं तेव्हा आधी दचकायच्या ऐवजी तिला काहीतरी सापडल्यासारखं वाटलं होतं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा डबा वाटून टाकला.

शेवटच्या तासाला बाई फळ्यावर काय काढत होत्या ते धाकटीला दिसलं नाही. सुटल्यावर वेणी आणि चष्मा दोन्ही बाजूंनी तिच्या गळ्यात पडल्या, उद्यासाठी आणखी भारी प्रश्न काढू म्हणाल्या, आणि कोपऱ्यावरून आपापल्या वाटेला गेल्या. पुढचा रस्ता दुकानांचा. चपलांचं दुकान, चष्म्यांचं, बँकेच्या काळ्या काचा. धाकटी रोज या काचांतून स्वतःला घरापर्यंत पोचवायची, एका काचेतून सुटली की दुसऱ्या काचेत, डावीकडून, मग वळून उजवीकडून. आज बँकेच्या काचेत पाहताना तिने तोंड थोडं उघडलं, सकाळी हसली होती तसं हसून पाहिलं. काचेतली मुलगी डाव्या कोपऱ्यातून आधी हसली. तिथे जरा जाड असल्यामुळे हसू तिथे अडखळून मग उजवीकडे जात होतं. हे ताईचं हसू तिने काउंटरच्या खाली बसून नुसतं ऐकलं नव्हतं, पाहिलंही होतं, शेकडो वेळा, खालून वर, काउंटरच्या कडेवरून. एक माणूस आतून काच ठोठावून म्हणाला की बाजूला हो, तेव्हा ती चालू लागली, आणि दुकानापर्यंतच्या पुढच्या काचांमधे तिने पाहिलं नाही. पाय मात्र लटपटत होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

दुकान पुढे आणि घर मागे, मधे एक पडदा. आई काउंटरला कुणाचे तरी पासपोर्टचे फोटो कापत होती. बाबा मशीनसमोर बसले होते, त्यांच्या खांद्यावरून धाकटीला मशीनच्या पडद्यावर धाकटी दिसली. निळ्या कापडापुढे, तोंड उघडं, प्रश्न विचारून झाल्यावरची.

“दुपारपासून तसेच बसलेत,” आई कापता कापता म्हणाली. “बाकीच्या पोरींचं झालं. तुझ्यावर येऊन अडलेत.”

धाकटीने दप्तर खाली ठेवलं. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण फुटला. “करा की मग. डावीकडून थोडं आत घ्या. कुठून घ्यायचं ते तुम्हाला माहीतच आहे.”

बाबा वळले नाहीत. माऊसवरचा त्यांचा हात तसाच होता, नुसता ठेवलेला. “हात जात नाही,” ते म्हणाले. मग म्हणाले, “सकाळी मी टचिंग नव्हतो बघत गं. तू हसलीस आणि ती दिसली. इथे.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं नाही, स्वतःच्या कानाखाली ठेवलं. तिथे, धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, त्यांचाही जबडा जरा जाड होता. “मीच पुसलं, आणि आता मीच शोधतोय.”

आईचा कटर थांबला होता. धाकटी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, कारण उभं राहवत नव्हतं. मग तिने सांगितलं. वक्तृत्वात सांगते तसं नाही; मधूनच, शेवटून, पुन्हा सुरुवातीकडून. पट्टीचं सांगितलं. दिवा मागे ठेवण्याचं सांगितलं. ताईला जाड वाटत नव्हतं, कधीच नाही, तुम्ही सगळे ताट बघत राहिलात आणि ती आरसा बघत राहिली, हे सांगितलं. ‘आहे वाकडा’ हे सांगताना तिचे दात एकमेकांवर वाजले, आणि बाबांनी तेवढ्यात खुर्चीतून उठून काउंटरच्या काचेवर, जिथे त्या कागदाचा डाग अजून आहे तिथे, तळहात पालथा ठेवला, कुणीतरी तिथून बघतंय आणि त्याचे डोळे झाकायला हवेत तसा. शेवटी पॅसेजमधला बाक आला. धाकटी आईकडे बघून म्हणाली, “डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले. तुझी शपथ घेतली होती मी. तुला काही झालं असतं.”

आईने कटर खाली ठेवला. कापलेले चौकोनी चेहरे तिच्या पुढ्यात पसरले होते, एकाच माणसाचे आठ.

“मला काय व्हायचंय,” ती म्हणाली. “व्हायचं ते होऊन गेलं.” मग ती काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आली, धाकटीच्या पुढ्यात उभी राहिली, तिचे गार पडलेले हात आपल्या हातात घेतले आणि तिच्या बोटांकडे बघत, तोंडाकडे न बघता, म्हणाली, “तीन आठवडे झाले, डबा धुतल्यासारखा स्वच्छ येतोय. तू कधी डबा पुसून खाणारी नव्हेस. कोण खातं?”

“तुला माहीत होतं?”

“विचारायची भीती वाटली. तिला इतकं विचारलं होतं.”

दुकानात एक बाई डोकावली, फोटो झालेत का म्हणाली. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं, दाराची पाटी उलटी केली आणि दार लावून घेतलं. बाहेर अजून उजेड होता. पडद्यावरची धाकटी तोंड उघडं टाकून तिघांकडे बघत होती. खऱ्या धाकटीला वाटलं की आता आपला तो आवाज जाईल, ते लख्ख ऊन कधीच ओसरलं होतं, पोटात नुसती पोकळी होती आणि डोळ्यांपुढे बारीक काळे ठिपके, आणि आत्ता जर गप्प बसलो तर आई दूध गरम करेल, आपण चार घोट घेऊ, सगळे एकमेकांना जवळ घेतील, आणि उद्या पुन्हा सगळे ताटाकडे बघत बसतील. तिने आईचे हात सोडले नाहीत. ती तिथेच, स्टुलावर ताठ बसली, हनुवटी किंचित खाली, खांदे सैल.

“उद्या मी शाळेत जाणार नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे. दुकान बंद ठेवून तुम्ही दोघांनी बरोबर यायचं. मी त्यांना डब्याचं सांगणार आणि आरशाचं पण सांगणार. त्यांनी एकच विचारलं तरी दोन्ही सांगणार. ताईचं सांगणार, मग माझं.” तिने एकदा श्वास घेतला. “आणि बाबा, हा फोटो आहे असाच राहू द्यायचा. एवढासुद्धा हात लावायचा नाही. मोठा काढायचा. मला तो तिच्या शेजारी लावायचाय.”